लुसिड ड्रीमचा लाइटवाला स्लीप मास्क: सकाळच्या डुलकीला चालतो, दुपारी विसरा

आधीच सांगते, हा मास्क बांधला की आपोआप लुसिड ड्रीम, म्हणजे स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे असं भान येतं ते, पडणार असं वाटत असेल तर पैसे वाचवा. पण स्वप्नं थोडीफार लक्षात राहत असतील आणि डुलकीची वेळ साधणं जमत असेल तर वस्तू कामाची आहे. ५ पैकी ३ स्टार, त्यातला एक निव्वळ आतल्या फोमला.

म्हणजे आहे काय, तर डोळ्यांवर बांधायची जाड पट्टी, आत लाल एलईडी आणि पापणीखाली बुबुळ हलतंय का ते बघणारा सेन्सर. रेम झोपेत डोळे भराभर हलतात आणि सगळ्यात ठळक स्वप्नं तेव्हाच पडतात, तर सेन्सरला हालचाल दिसली की लाइट लुकलुकतो, तो कुठल्यातरी रूपात स्वप्नात घुसतो आणि आपल्याला कळतं की अरे, हे स्वप्न चाललंय. आयडिया जुनीच आहे, अमेरिकेतले स्वप्न-संशोधक स्टीफन लाबर्ज यांनी गेल्या शतकातच असे मास्क काढले होते. त्याच्याही आधी १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये संशोधक कीथ हर्न यांनी लॅबमध्ये झोपलेल्या माणसाकडून स्वप्न चालू असताना ठरवून डोळे डावीउजवीकडे हलवून घेतले होते, कारण रेममध्ये बाकी अंग लुळं पडतं पण डोळे मोकळे असतात. म्हणून फोमचं कौतुक. डोळ्यांसमोर खोलगट वाट्या आहेत, पापण्यांवर दाब येत नाही, कुशीवर झोपलं तरी फार सरकत नाही. नाकापाशी मात्र फट राहते आणि उजेड येतो, आणि मागचं वेल्क्रो केसात अडकतं ते वेगळंच.

आता घोडं पेंड खातं ते इथे. बॉक्सवर लिहिलंय की दिवसा कधीही डुलकी घ्या. अहो, कधीही कसं? दुपारी जेवून आडवं झालं की रेम यायच्या आधी गाढ झोपेचाच मोठा टप्पा लागतो, झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं, त्यात रेम शेवटाकडे, आणि तोवर तुमचा अलार्म वाजलेला असतो. हाती काय तर जड डोकं. वीस मिनिटांच्या पॉवर नॅपचं तर नावच नको. रेमचा खरा जोर पहाटेपासून सकाळपर्यंत असतो, त्यामुळे सकाळची डुलकी म्हणजे अर्धवट सोडलेल्या साखरझोपेचा उरलेला तुकडाच समजा. पाच-सहा तास झोपून उठायचं, तासभर जागं राहायचं, फोनला हात लावायचा नाही, जमलं तर स्वप्नांची वही चाळायची, आणि मग मास्क लावून दीड तास परत पडायचं. हे केलं की लाइट स्वप्नात दिसायला लागतो. दुपारी मला एकदाही दिसला नाही, फक्त कूस बदलली की सेन्सर फसून उगाच लुकलुकायचा आणि झोप चाळवायची.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीने असे प्रयोग केले तेही सकाळच्याच डुलकीवर. त्यात झोपायच्या आधी लाइट आणि आवाज देऊन नीट सराव करून घेतात, की हा इशारा आला की थांबायचं आणि आत्ता मी स्वप्नात आहे का हे तपासायचं. लुसिड झालेल्यांना झोपेतच प्रश्न विचारले होते, एकाने ८ वजा ६ चं उत्तर दोनदा डोळे हलवून दिलं, भारीच ना! पण या प्रयोगांवरच्या २०२१ च्या पेपरमध्ये बरोबर उत्तरं आली फक्त १८ टक्के वेळा, म्हणजे लॅबमध्ये ही कथा, तर घरी अपेक्षा बेतानेच ठेवा. आणि हा सराव, जो सगळ्यात महत्त्वाचा, तो या मास्कच्या मॅन्युअलमध्ये दोन ओळीत उरकलाय. ब्लूटूथ कसं जोडायचं त्याला मात्र चार पानं.

चाललं तेव्हा कसं चाललं ते सांगते. स्वप्नात परीक्षेचा हॉल, डोक्यावरची ट्यूब फडफडायला लागली, आणि लाल. प्रश्नपत्रिका परत वाचली तर प्रश्न बदललेला, तिथेच पेटली की हे स्वप्न आहे. आनंदात सगळं विरघळायला लागलं, मग तळहात एकमेकांवर घासले, बाकाच्या खरबरीत कडेवर बोटं फिरवली, हॉल परत घट्ट झाला. खिडकीतून बाहेर पडून उडतेय तोच मास्कने परत लाइट मारला आणि जागी झाले. हीच माझी मुख्य तक्रार. स्वप्नात भान आलं की पुढचं काम ते टिकवायचं, आणि हा बाबा ठराविक वेळाने लुकलुकतच राहतो. ॲपमध्ये दोन इशाऱ्यांमधलं अंतर वाढवता येतं पण तो ऑप्शन ॲडव्हान्स्डमध्ये लपवलाय. सगळ्यात मोठं अंतर ठेवा, ब्राइटनेस सगळ्यात कमी, आणि बीप बंदच. जाग आलीच तर हलू नका, डोळे मिटलेलेच ठेवा, सकाळच्या डुलकीत बऱ्याचदा तसंच परत आत शिरता येतं.

मॅन्युअलमध्ये नसलेली अजून एक गोष्ट, अशा झोपेत कधीकधी जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर दाब किंवा खोलीत कुणीतरी असल्यासारखं वाटतं. तो स्लीप पॅरालिसिस, आपोआप जातो, पण माहीत नसेल तर माणूस टरकतोच. फिट्स येणाऱ्यांनी लुकलुकत्या लाइटच्या नादी लागू नये आणि ज्यांना रात्री झोपच लागत नाही त्यांनी झोपेचे असे तुकडे करू नयेत.

बाकीच्यांनी आधी मास्क न घेता काही आठवडे नुसती सकाळची डुलकी आणि सराव करून बघा, माझ्या मते निम्म्याहून जास्त काम त्यानेच होतं. स्वप्नात भान येऊ लागलं आणि ते अजून वारंवार हवं असेल तर मग घ्या, तेही परत करायची सोय असेल तरच, कारण सेन्सर प्रत्येकाच्या चेहऱ्याला बसेलच असं नाही.