हायड्रॉलिक पाइप: दुकानातून प्रेस करून आणायचा की स्वतःचं क्रिम्पिंग मशिन घ्यायचं?

ऊसतोडणी हार्वेस्टर हे जवळजवळ पूर्ण हायड्रॉलिक तेलाच्या दाबावर चालणारं यंत्र. बेस कटर, चॉपर, एलिव्हेटर, पंखा, सगळ्यांना हायड्रॉलिक मोटार. एक पाइप फुटला की फड थांबतो, ट्रॉल्या रांगेत उभ्या राहतात आणि पाइप प्रेस करणारं दुकान असतं तालुक्याला, तेही रात्री बंद. म्हणून गाळप हंगाम तोंडावर आला की हार्वेस्टरमालकाच्या मनात एकदा तरी येतं की आपलंच क्रिम्पिंग मशिन, म्हणजे पाइपची टोकं दाबून बसवणारं प्रेस, घ्यावं. जेसीबी-पोकलेनवाल्यांना हा प्रश्न बारा महिने असतो.

आमचं मत आधीच सांगतो. एकच यंत्र असेल तर मशिन घेऊ नका, तयार पाइपांची पेटी ठेवा. तीन-चार यंत्रं असतील, ती शक्यतो एकाच बनावटीची असतील आणि मोजमापात चिकाटी असलेला एक तरी माणूस हाताशी असेल, तर मशिनचा विचार करा. मशिनचे पैसे एकदाच जातात. खरा पैसा अडकतो तो फिटिंगच्या डब्यांत, आणि तिथे हिशोब चुकला की मशिन ताडपत्रीखाली पडून राहतं.

(रिळावरच्या रबराला इथे होज म्हटलंय. दोन्ही टोकं बसवून तयार झाला की तो पाइप.)

दुकानातून प्रेस करून आणणं

दुकानदाराकडे साठा असतो आणि हात बसलेला असतो, हे दोन मोठे फायदे. पण तुम्ही जे दाखवाल तेच तो करून देणार, म्हणून नमुना नीट न्या. पाइप मधेच तुटला असेल तर दोन्ही तुकडे न्या. दोन्ही टोकांना एल्बो असतील तर सोडण्याआधी पाइपवर ऑइल पेंटने एक सरळ रेघ मारा, नाहीतर एका एल्बोच्या मानाने दुसऱ्याचं तोंड किती वळलेलं होतं ते नंतर कोणालाच आठवत नाही.

काउंटरवर तीन गोष्टी बघायच्या. होजवर छापलेली ओळ वाचा. तिच्यात प्रकार, साइज आणि कोणत्या वर्षाच्या कोणत्या तिमाहीत बनली ते असतं. प्रेस झाल्यावर फेरूलचा (होजच्या टोकावर बाहेरून दाबलेल्या धातूच्या कड्याचा) व्यास व्हर्निअरने मोजून दाखवायला सांगा. आणि होज कापल्यावर आतून साफ केली का ते विचारा. तिसऱ्या प्रश्नावर दुकानदार हसला तर दुकान बदला.

‘दोन-तारी (रबरात तारेचे दोन थर असलेली होज) चालतंय की’ हे वाक्य मात्र सर्रास ऐकू येतं. चालतं की नाही हे साइजवर ठरतं, कारण तोच प्रकार जाड साइजमध्ये कमी दाब सोसतो. युरोपीय मानकांप्रमाणे कामाचा कमाल दाब, बारमध्ये:

| आतला व्यास | एक-तारी (१एसएन) | दोन-तारी (२एसएन) | चार-तारी (४एसपी) |
|---|---|---|---|
| ३/८ इंच | १८० | ३३० | ४४५ |
| १/२ इंच | १६० | २७५ | ४१५ |
| ३/४ इंच | १०५ | २१५ | ३५० |
| १ इंच | ८८ | १६५ | २८० |

म्हणजे २५० बारच्या लाइनला अर्धा इंच दोन-तारी जमते, पाऊण इंची जमत नाही. २० टनी पोकलेनचा मुख्य दाब ३४० बारच्या पुढे जातो. तिथे एक इंची लाइनला ४एसपीसुद्धा कमी पडते आणि ३८० बारची ४एसएच लागते. होज या दाबाच्या चौपटीला फुटते असं मानक सांगतं, पण ती चौपट झटके, उष्णता आणि वय सोसण्यासाठी ठेवलेली आहे. तिच्या भरवशावर हलकी होज बसवायची नसते.

पाना-फिटिंग, म्हणजे पुन्हा वापरता येणारी टोकं

यांना प्रेस लागत नाही. बाहेरची सॉकेट होजवर उलट्या आट्याने फिरवत चढवायची, तळाला टेकली की थोडी मागे घ्यायची, म्हणजे एखादा मिलिमीटर फट राहते. मग निपलला (होजच्या आत जाणाऱ्या धातूच्या नळीला) आणि होजच्या आतल्या भिंतीला तेल लावून निपल सरळ आट्याने आत कसायचं. हॅकसॉ, वाइस आणि दोन पाने एवढ्यावर काम होतं. रानात, रात्री, बॅटरीच्या उजेडात जमणारं हेच एक काम.

मर्यादाही तेवढ्याच ठळक आहेत. एक-तारी आणि दोन-तारी होजपुरतंच हे वापरा, चार-तारीला नाही. सॉकेट त्याच प्रकारच्या होजची हवी. जाड सालीच्या (बाहेरच्या रबराच्या) होजची आणि पातळ सालीच्या होजची सॉकेट वेगळी असते. नग महाग पडतो. तेल न लावता निपल कसलं तर आतलं रबर सोलून निघतं, त्याची पट्टी तेलाच्या वाटेत लटकते आणि पाइप बाहेरून ठणठणीत असूनही मोटार हळू चालते. पेटीत दोन-तीन साइजची जोडी असावी, एवढीच यांची जागा.

तयार पाइपांची पेटी

सगळ्यात कमी बोललं जातं ते यावर, आणि एका यंत्राच्या मालकाला सगळ्यात जास्त उपयोग याचाच. हंगामाआधी यंत्र उभं असताना घासणारे, वळणारे आणि इंजिनाच्या उष्णतेजवळचे पाइप शोधा. बेस कटरच्या मोटारीचे, टॉपरच्या बूमचे, एलिव्हेटर वळतो तिथले. पोकलेनवर बूमच्या मुळाशी आणि बकेट सिलिंडरजवळचे. यांचा एकेक जोड दुकानातून निवांत करून घ्या, दोन्ही तोंडांना प्लास्टिकच्या टोप्या लावा, पत्र्याच्या बिल्ल्यावर जागा आणि तारीख लिहून तारेने बांधा. ऊन, बॅटरी चार्जर आणि वेल्डिंग मशिनपासून लांब ठेवा. जर्मन मानक तयार पाइप दोन वर्षांपेक्षा जास्त साठवू नका म्हणतं. जुना पाइप आधी वापरला, नवा मागे ठेवला, एवढी शिस्त पुरते.

स्वतःचं मशिन

आधी हिशोब. दुकानाचा दर वजा तुमची होज, दोन फेरूल आणि दोन निपल, ही एका पाइपमागची बचत. निव्वळ रीत दाखवायला आकडे धरू: बचत ५०० रुपये आणि मशिन, डाय (फेरूल दाबणारे साचे), कटर मिळून दीड लाख, म्हणजे ३०० पाइप झाल्यावर मशिन फिटलं. एका हार्वेस्टरला इतके पाइप लागायला किती हंगाम जातील ते तुम्हीच मोजा. खोळंब्याचे तास वाचतात ते यात जरूर धरा, पण तेच तास तयार पेटीनेही वाचतात हे विसरू नका.

आता फिटिंग. होजच्या चार साइज, तीन जातीचे आटे (बीएसपी, जेआयसी, मेट्रिक), तीन आकार (सरळ, ४५ अंश, ९० अंश). गुणाकार ३६. प्रत्येकाचे दोनच नग ठेवले तरी ७२ निपल, शिवाय फेरूल वेगळे. यात ओ-रिंगच्या सपाट तोंडाची टोकं, फ्लँज किंवा एका साइजच्या होजवर दुसऱ्या साइजचा नट आला की यादी आणखी वाढते. म्हणून मशिनची चौकशी करायच्या आधी वही घेऊन यंत्राखाली शिरा आणि प्रत्येक पाइपची नोंद करा: व्यास, लांबी, दोन्ही टोकांचे आटे, कोन. बहुतेकदा निम्म्याहून जास्त पाइप सात-आठ प्रकारच्या टोकांत बसतात. साठा तेवढाच ठेवा आणि उरलेल्यांसाठी दुकान आहेच.

आटे ओळखताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. एम २२×१.५, ७/८ इंची जेआयसी (२२.२ मिमी, इंचाला १४ आटे) आणि ५/८ बीएसपी (२२.९ मिमी, तेही १४ आटे) ही तीन भावंडं एका डब्यात पडली की ओळखू येत नाहीत. चुकीचा नट दीड-दोन फेरे हाताने जातो, मग अडतो. तिथे पान्याने रेटला की आटे गेले, आणि गेलेले आटे बहुधा पंपाच्या किंवा व्हॉल्व्हच्या बाजूचे असतात. व्हर्निअरसोबत आट्यांचा गेज हवाच. आटे जुळूनही बसण्याचा कोन वेगळा असू शकतो: बीएसपीला ६० अंश, मेट्रिकला २४, जेआयसीला ३७ (हा एका बाजूचा मोजतात, पूर्ण ७४). कोन चुकला तर नट कितीही आवळा, पाझर थांबत नाही. मग कोणीतरी टेफ्लॉन टेप गुंडाळतो. कोनावर बसणाऱ्या जोडाला टेपचं काम नाही. तिचे तुकडे तुटून व्हॉल्व्हमध्ये जातात.

मशिन बघताना दोन प्रश्न: पाटीवर कमाल किती इंच आणि किती तारी लिहिलंय, आणि सोबत कोणत्या डाय मिळतात. हातपंपाचं मशिन गाडीत मावतं आणि विजेशिवाय चालतं, हार्वेस्टरवाल्याला तेच सोयीचं. पण एक इंची चार-तारी त्यावर दाबायचा हट्ट नको. गॅरेजला मोटारीवरचं घ्या.

एक पाइप करताना

लांबी. जुना पाइप एका बैठकीपासून (टोक समोरच्या जोडात टेकतं ती जागा) दुसऱ्या बैठकीपर्यंत मोजा. प्रत्येक फिटिंगची बैठक होजच्या टोकापासून काही अंतर पुढे असते, ते तक्त्यातून घ्या किंवा फेरूल चढवून मोजा. पूर्ण लांबी १००० मिमी, एका टोकाचे २८ आणि दुसऱ्याचे ४१ गेले, तर होज ९३१ मिमी कापायची. दाब आला की होज ४ टक्क्यांपर्यंत आखडू शकते किंवा २ टक्क्यांपर्यंत वाढू शकते. मीटरभर होज म्हणजे ४ सेंटिमीटर. ताणून बसवलेला पाइप म्हणूनच फेरूलच्या तोंडाशी तुटतो.

कापणं. ग्राइंडरच्या साध्या चकतीने होज कापली जाते खरी, पण आत जळालेलं रबर, चकतीची रेती आणि तारेचा चुरा जातो. होजसाठी बनवलेलं दात नसलेलं पातं घ्या, काप काटकोनात ठेवा. मग कॉम्प्रेसरच्या गनने होजच्या व्यासाची फोमची गोळी एका बाजूने, नंतर दुसऱ्या बाजूने मारा. पहिली गोळी काळी निघते. स्वच्छ निघेपर्यंत मारायची. ही पायरी गाळली तर पाइप टिकतो, पंप जातो.

चढवणं. निपल होजमध्ये किती खोल जायला हवं ते अंतर होजवर पांढऱ्या मार्करने आखा. फेरूल आधी सरकवा, निपलला तेल लावून आखलेल्या खुणेपर्यंत पूर्ण रेटा. प्रेस करून झाल्यावर खूण फेरूलच्या काठाशीच दिसली पाहिजे. बाहेर सरकलेली दिसली तर निपल अर्धवट बसलंय, आणि ते तेल तापलं की दाबासकट उडतं.

प्रेस. डायला आठ पाकळ्या असतात आणि पाकळ्यांवर आकडा. तो आकडा म्हणजे पूर्ण मिटल्यावरचा व्यास. बहुतेक मशिनवर डायच्या आकड्यात मायक्रोमीटरचं माप मिळवायचं असतं. तक्त्यात २०.४ असेल तर १९ ची डाय आणि १.४ ची सेटिंग. तक्ता होज आणि फिटिंग या जोडीचा असतो. एका कंपनीची होज, दुसऱ्याचं निपल आणि तिसऱ्याचा तक्ता घेऊन काम करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे पाइप निघूनही येतात. होज व फिटिंग एकाच कंपनीचे घ्या आणि लेखी तक्ता मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. साल सोलायची की नाही हेही त्याच तक्त्यात असतं.

दाबल्यावर फेरूलच्या मध्यावर, पाकळ्यांच्या फटींमुळे उठलेल्या रेषा सोडून, तीन ठिकाणी मोजा. साधारण ०.१ ते ०.२ मिमी इकडेतिकडे चालतं. व्यास मोठा राहिला तर पाइप थंड असताना कोरडा असतो आणि तेल तापल्यावर फेरूलमागे ओल दिसू लागते. वापरण्याआधीच लक्षात आलं तर पुन्हा दाबून तो वाचवता येतो. व्यास कमी झाला तर वाचत नाही: निपल आतून चेपतं, वाट अरुंद होते, तारा कापल्या जातात. निपलच्या आतल्या व्यासाची एक गुळगुळीत सळई करून ठेवा. प्रेसनंतर ती सहज गेली नाही तर पाइप भंगारात. जुना फेरूल ग्राइंडरने कापून निपल परत दाबायचं हा उद्योगही करू नका. एकदा दाबलेल्या निपलचे कंगोरे पुन्हा तशी पकड धरत नाहीत.

तपासणी. नियम असा की नवा पाइप कामाच्या दुप्पट दाबाने तपासावा. हाताचा टेस्ट पंप आणि गेज लागतो. पाइपमधली हवा पूर्ण काढून आणि पाइप जाड पत्र्याच्या आड ठेवूनच दाब चढवायचा. दुकानांतही हे क्वचित होतं. मशिनवर खर्च करणार असाल तर हाही त्याच यादीत धरा.

बसवताना

इंजिन बंद, अवजार जमिनीवर, मग सगळे लिव्हर हलवून अडकलेला दाब सोडा, तेव्हाच नट सैल करा. होजवरची छापील ओळ बसवल्यावर सरळ दिसली पाहिजे. ती स्क्रूसारखी फिरलेली दिसली तर पाइप पिळलाय. नट आवळताना दुसऱ्या पान्याने निपल धरून ठेवलं की पीळ येत नाही. अर्धा इंच दोन-तारी होज १८० मिमीपेक्षा लहान त्रिज्येत वाकवू नका. हार्वेस्टरवर टर्बो आणि सायलेन्सरजवळून जाणाऱ्या पाइपला उष्णतारोधक बाही चढवा. तिथे सुकं पाचट साचलेलं असतं आणि तेलाचा बारीक फवारा उडाला की पेट घ्यायला वेळ लागत नाही.

पहिल्यांदा दाब देताना गळती हाताने चाचपू नका, हातमोजा असला तरी. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेलं तेल कातडीत घुसतं. पुठ्ठ्याचा लांब तुकडा फिरवा, त्यावर ओला डाग उमटतो. तेल कातडीत गेलंच तर जखम टोचल्यासारखी लहान दिसते आणि सुरुवातीला फार दुखतही नाही. तरी त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं आणि ‘दाबाचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरांना सांगायचे. नुसती मलमपट्टी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन परत आलेल्या माणसाचं बोट कापावं लागू शकतं.