इनबॉक्स रिकामा, साठा भरलेला: एका जुन्या ब्रेल नोटटेकरच्या ई-मेल विभागाचे परीक्षण

गेली नऊ वर्षे मी ३२ सेलचा एक ब्रेल नोटटेकर, म्हणजे एका ओळीत ३२ ब्रेल अक्षरे बोटांखाली उमटवणारे, टिपणे लिहिण्याचे छोटे यंत्र, वापरत आले आहे आणि आता तो माझ्याकडे वकिलीचे काम शिकायला येणाऱ्या, ब्रेल उत्तम वाचणाऱ्या एका विद्यार्थिनीला देऊन टाकायचे ठरवले आहे. देण्यापूर्वी त्यातील माझ्या पक्षकारांचा पत्रव्यवहार पुसून टाकावा, एवढेच काम मी हाती घेतले होते. त्याला एक संध्याकाळ पुरेल असा माझा अंदाज होता आणि प्रत्यक्षात अकरा दिवस लागले. या अकरा दिवसांत त्या यंत्राच्या ई-मेल विभागाची जी ओळख झाली, ती नऊ वर्षांच्या वापरात झाली नव्हती. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याकडे विंडोज सीई या लहान उपकरणांसाठीच्या जुन्या प्रणालीवर चालणाऱ्या पिढीचे असे एखादे यंत्र आहे किंवा जे ते जुन्या बाजारातून घेऊ पाहत आहेत, त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे.

आधी यंत्राच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलते. लिहिण्यासाठी याच्या तोडीचे साधन मला अजून मिळालेले नाही. झाकण उघडून कळ दाबली की काल जेथे थांबले होते त्याच ओळीवर बोट टेकते, आणि उलटतपासणी चालू असताना आवाज पूर्ण बंद ठेवून साक्षीदाराचे आधीचे उत्तर बोटांखाली शोधता येते. बत्तीस सेलमध्ये प्रत्येकी आठ याप्रमाणे २५६ सूक्ष्म खिळे विद्युत्‌दाबाने वाकणाऱ्या पट्ट्यांवर वरखाली होतात. नऊ वर्षांनंतर त्यातले दोनच अडले आहेत, तेही एकोणिसाव्या सेलमधले, आणि ते कोणते अक्षर असावे हे माझे बोट आता सवयीने ओळखते. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल लिपीत, जोडाक्षराच्या आधी येणारा चौथा ठिपका, स्वतंत्र सेलमध्ये लिहिल्या जाणाऱ्या मात्रा, हे सारे मी स्वतः टंकलेल्या मजकुरात बिनचूक राहते. या भागाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन.

ई-मेलची गोष्ट मात्र वेगळी आहे. सुरुवात एका क्षुल्लक सूचनेने झाली. चार पानांचा लेखी युक्तिवाद जतन करताना यंत्र म्हणाले की साठ्यात पुरेशी जागा नाही. माझ्या सगळ्या टिपणांचा आकार मला ठाऊक होता आणि तो फार नव्हता, म्हणून मी ई-मेल विभागात गेले. तेथे आवक पेटीत शून्य पत्रे, पाठवलेल्यांत शून्य पत्रे, मसुद्यांत शून्य पत्रे असे यंत्राने ठामपणे सांगितले. त्यानंतर फाइलींच्या यादीत जाऊन पाहिले, तर पत्रांचा साठा ठेवणारी फाइल ५८ मेगाबाइटची निघाली. शून्य पत्रांना एवढी जागा कशाला लागते, हा प्रश्न डोळस माणसाला कदाचित लवकर पडला असता. या यंत्राला पडदाच नाही. ते जी संख्या उच्चारते किंवा ब्रेलमध्ये उमटवते तीच वापरणाऱ्यासाठी वस्तुस्थिती ठरते, आणि ‘पत्र पुसले’ असे त्याने सांगितल्यावर ते खरेच पुसले गेले का, हे तपासायला दुसरी वाट उरत नाही.

उरलेली पत्रे तीन ठिकाणी दडली होती. पहिले ठिकाण सर्वांत निरुपद्रवी होते. यादी उघडताना केवळ न वाचलेली पत्रे दाखवावीत, अशी निवड यंत्रात कधीतरी माझ्याकडूनच झाली होती आणि ती पुढे कायम राहिली. त्यामुळे वाचलेली सुमारे चारशे पत्रे पेटीत असूनही मोजणीत येत नव्हती. ती निवड बदलून ‘सर्व’ केल्याबरोबर ती पुढे आली. दुसरे ठिकाण म्हणजे पुसलेल्या पत्रांची पेटी, जी मुख्य यादीत दिसत नाही आणि खात्याच्या मांडणीत दोन पायऱ्या आत गेल्यावर सापडते. पत्र पुसण्याची आज्ञा दिली की ते या पेटीत जाते आणि पेटी आपण होऊन कधीच रिकामी होत नाही. ही पेटी रिकामी केल्यावरही फाइल ५८ मेगाबाइटचीच राहिली. तिसऱ्या ठिकाणाकडे माझे लक्ष गेले ते त्यामुळेच.

हे तिसरे ठिकाण समजावून घ्यायला न्यायालयातलेच उदाहरण मला उपयोगी पडले. प्रकरण दिवसाच्या बोर्डावरून, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाच्या यादीवरून, उतरले म्हणून त्याची फाइल नाहीशी होत नाही. ती अभिलेख कक्षातल्या कपाटात पडून असते, आणि जो बोर्डच वाचतो त्याला ते प्रकरण संपले असे वाटते. माहितीसाठ्याची रीतही अशीच आहे. पुसण्याची आज्ञा मिळाली की साठा त्या पत्राची नोंद सूचीतून काढतो आणि त्याची जागा ‘पुढे वापरण्यास मोकळी’ अशी खूण करून ठेवतो. मूळ अक्षरे त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत तशीच राहतात, आणि साठा आवळून घेण्याची स्वतंत्र आज्ञा दिल्याशिवाय फाइलचा आकार घटत नाही. संगणकांवर आणि फोनवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसक्यूलाइट या माहितीसाठ्याच्या प्रणालीमध्ये या कामासाठी ‘व्हॅक्यूम’ नावाची आज्ञा आहे. माझ्या यंत्राच्या ई-मेल विभागात अशी कोणतीही आज्ञा वापरणाऱ्याच्या हाती दिलेली नाही, आणि हा त्याचा सर्वांत मोठा दोष आहे असे माझे मत झाले आहे. जागा कमी पडते ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण वकिलाची आहे, कारण पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले त्याच्या स्पष्ट संमतीवाचून उघड करू नये हे बंधन १८७२च्या पुरावा अधिनियमाच्या कलम १२६ने घातले होते आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ते कायम ठेवले आहे. यंत्र दुसऱ्याच्या हाती देताना ‘मला वाटले पुसले’ हे उत्तर पुरणारे नव्हते.

ज्यांच्याकडून यंत्र घेतले होते त्या विक्रेत्यांच्या साहाय्य-दूरध्वनीवरच्या गृहस्थांनी नम्रपणे ऐकून घेतले आणि ‘मॅडम, खाते काढून टाका, सगळे जाईल’ असा सल्ला दिला. खाते काढल्यावर आवक पेटी दिसेनाशी झाली आणि फाइल मात्र तसूभरही हलली नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी संपूर्ण यंत्र मूळ स्थितीला नेण्याचा उपाय सुचवला, ज्यात माझी टिपणे, शब्दकोशात घातलेले शब्द आणि ब्रेल तक्त्यांतल्या दुरुस्त्याही गेल्या असत्या. मी मधला मार्ग काढला: यंत्र संगणकाला जोडले, पत्रांच्या साठ्याची फाइल मेमरी कार्डावर नकलून घेतली आणि मूळ फाइल पुसून टाकली. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर त्याने नवी, कोरी फाइल तयार केली, जी जेमतेम २०० किलोबाइटची होती. मी समाधानाने खाते पुन्हा जोडले, ते केवळ खात्री करून घेण्यासाठी, आणि चहा घेऊन परत येईपर्यंत ये रे माझ्या मागल्या: १,९१२ पत्रे यंत्रात उतरली होती, त्यांत २०१७ सालची एक पोटगीची तडजोडही होती.

ही चूक यंत्राची कमी आणि माझ्या अज्ञानाची अधिक होती. हे यंत्र पत्रे आणते ती पॉप ३ या पद्धतीने, जिचा प्रमाण मसुदा १९९६ सालचा आहे. या पद्धतीत सर्व्हरवरच्या, म्हणजे आलेली पत्रे सांभाळणाऱ्या दूरच्या संगणकावरच्या, प्रत्येक पत्राला एक स्वतंत्र ओळखक्रमांक असतो आणि कोणती पत्रे आधीच आणली याची यादी यंत्राने स्वतःजवळ ठेवायची असते. ती यादी माझ्या यंत्राने पत्रांच्या त्याच फाइलमध्ये ठेवली होती. फाइल गेली तशी त्याची आठवणही गेली, आणि सर्व्हरवरची सगळी पत्रे त्याला नवीन वाटली. सर्व्हरवर इतकी पत्रे उरलीच कशी, याचेही उत्तर त्याच मसुद्यात आहे. पुसण्याची आज्ञा मिळाली की सर्व्हर त्या पत्रावर केवळ खूण करतो आणि यंत्राने रीतसर निरोप घेतल्यावरच खुणा केलेली पत्रे खरोखर काढतो. जोडणी मध्येच तुटली तर त्या खुणा रद्द समजल्या जातात. न्यायालयाच्या आवारात वाय-फाय कसे चालते हे जाणणाऱ्याला यापुढे काही सांगायला नको. कित्येक वर्षे मी पत्रे पुसत होते, यंत्र ‘पुसले’ म्हणत होते, आणि जोडणी तुटली की सर्व्हर ते मनावर घेत नव्हता.

शेवटी जो क्रम उपयोगी पडला तो असा की प्रथम संगणकावरून, ब्राउझरमधून सर्व्हरवरच्या पेटीत शिरून जुनी पत्रे एका वेगळ्या कप्प्यात हलवली, कारण पॉप ३ पद्धतीला आवक पेटीपलीकडचे कप्पे दिसत नाहीत; ज्यांचे खाते जीमेलचे आहे त्यांना तेथल्या मांडणीत ‘यापुढे येणाऱ्या पत्रांपुरतेच पॉप’ हा पर्याय निवडूनही हेच साधता येते. त्यानंतर यंत्रातले ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हे कलम तपासले आणि पत्ते निर्यात करून घेतले, कारण माझ्या यंत्रात पत्त्यांची वही याच साठ्यात राहते आणि ती पत्रांबरोबर बुडाली असती. मग खाते काढले, वाय-फाय बंद केले, फाइल पुसली, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि पत्रांना जोडून आलेल्या फाइलींचा स्वतंत्र कप्पा उघडून तोही रिकामा केला. हा कप्पा मी जवळजवळ विसरले होते. त्यात ३४० फाइली होत्या, आणि ज्या पत्रांबरोबर त्या आल्या ती पत्रे कधीच पुसली गेली होती.

नकलून ठेवलेल्या जुन्या फाइलमध्ये नेमके काय उरले होते हे पाहण्याचा मोह मला आवरला नाही, आणि या सगळ्या प्रकरणातला सर्वांत उद्बोधक भाग मला तेथे सापडला. कार्यालयातील एका डोळस सहकाऱ्याने ती फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडली, काही पक्षकारांची नावे देवनागरीत शोधली आणि ‘ताई, यात काही नाही’ असे सांगितले. मी एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर लावून तीच फाइल वाचायला घेतली तेव्हा इंग्रजी पत्रे ओळीच्या ओळी ऐकू आली, पण मराठी पत्रांच्या जागी रोमन अक्षरे आणि आकडे यांची अर्थहीन वाटणारी लांबलचक माळ होती. देवनागरी मजकूर ई-मेलमधून जाताना बहुधा बेस ६४ या सांकेतिक रूपात बांधला जातो आणि माझ्या यंत्राने तो न उलगडता तसाच साठवला होता. म्हणून नाव शोधून ते सापडत नव्हते, आणि माळ उलगडण्याच्या साधनात टाकल्याबरोबर अख्खे पत्र वाचता येत होते. मराठी पत्रांचे विषय यंत्र वर्षानुवर्षे मला प्रश्नचिन्हांच्या रांगेसारखे का दाखवत होते, तेही यातून उलगडले. मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांनी आपल्या यंत्रातली सफाई शब्द शोधून तपासू नये. फाइलचा आकार पाहावा.

मेमरी कार्डाबद्दल थोडेसे. ज्या कार्डावर मी नक्कल घेतली ते विद्यार्थिनीला दिलेले नाही, कारण जलद स्वरूपणात (क्विक फॉरमॅटमध्ये) केवळ सूची कोरी होते आणि आतली माहिती बव्हंशी जागेवरच राहते. यंत्राच्या आतील फ्लॅश स्मृतीतही झीज समान व्हावी म्हणून लेखन वेगवेगळ्या कप्प्यांत वाटले जाते, त्यामुळे एखादी फाइल वरून गिरवून नष्ट केली असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. मी मोकळी जागा दोन वेळा मोठ्या निरर्थक फाइलींनी भरून पुन्हा रिकामी केली; प्रयोगशाळेत नेऊन कोणी काही काढेल याची भीती मला नाही, पण नव्या मालकिणीच्या बोटांखाली चुकून जुने पत्र येणार नाही एवढी खात्री आता आहे.

ई-मेल विभागाला मी पाचपैकी दीड गुण देते. त्यातला एक पत्र लिहिण्याच्या सोयीसाठी आहे, जी खरोखर चांगली आहे, आणि अर्धा यासाठी की साठ्याची फाइल निदान वापरणाऱ्याला पोहोचता येईल अशा जागी ठेवली आहे. विंडोज सीई ६.०ची पिढी २००६ची, तिचा आधार २०१८मध्ये संपला, आणि २०२२च्या मे अखेरीपासून जीमेलने साध्या पासवर्डावर चालणाऱ्या जुन्या प्रणालींना दार बंद करायला सुरुवात केली. माझ्या कार्यालयाच्या स्वतंत्र खात्यामुळेच हे यंत्र इतके दिवस पत्रे आणू शकले. ज्यांना ई-मेल हवा आहे त्यांनी अँड्रॉइडवर चालणारे नवे नोटटेकर पाहावेत, किंवा फोनला ब्लूटूथने जोडता येणारा ब्रेल डिस्प्ले घ्यावा आणि पत्रे आयमॅप पद्धतीने सर्व्हरवरच राहू द्यावीत. केवळ लिहिण्यावाचण्यासाठी जुने यंत्र घेणाऱ्यांनी विक्रेत्यासमोरच पत्रांच्या साठ्याच्या फाइलचा आकार वाचून घ्यावा. तो काही मेगाबाइटांत निघाला, तर आत कोणाचे तरी घरगुती कागद आहेत असे समजून फाइल पुसल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

विद्यार्थिनीने यंत्र हातात घेतल्यावर पहिली तक्रार एकोणिसाव्या सेलची केली. ई-मेल विभाग तिने उघडलेला नाही. तो मेनूतून लपवता येतो का, असे मात्र तिने विचारले आहे, आणि तो येतो.