‘सनसेट बुलेव्हार्ड’: हॉलिवूडनेच काढलेली हॉलिवूडची लक्तरं

दिग्दर्शक बिली वाइल्डरचा हा १९५० चा कृष्णधवल सिनेमा हिला दाखवायला म्हणून परत लावला. सुरुवातीलाच पोहण्याच्या तलावात पटकथालेखक नायकाचं प्रेत, आणि गोष्ट सांगतोय तोच! ग्लोरिया स्वॉन्सन मूकपटांची खरीखुरी तारका. इथे ती झालीय विस्मृतीत गेलेली नटी. तिचा बटलर झालेला एरिक फॉन श्ट्रोहाइम एकेकाळी तिचाच दिग्दर्शक. बंगल्यात तो प्रोजेक्टरवर जो मूकपट लावतो, तोही या दोघांचाच, ‘क्वीन केली’. काय म्हणावं या वाइल्डरला! पत्त्यांच्या डावात मूकपटांचा विनोदवीर बस्टर कीटन बसलाय, नुसतं ‘पास’ म्हणायला. नायकाचं प्रेमप्रकरण मात्र बेताचंच. तेवढ्यात खुशाल चहा टाकून या. आणि सबटायटल्स लावाच, निवेदनातले टोमणे फार भराभर येतात.