इनॅमलची पाय-डिश, आठ महिन्यांनंतर : लॅम्ब पायचा तळ अखेर खुसखुशीत

आमच्या घरी लॅम्ब पायचं दोन वर्षं एकच रडगाणं होतं. वरचं झाकण सोनेरी, कुरकुरीत, आणि खालची पारी लगद्यासारखी. (पाय म्हणजे ॲपल पायमधला पाय. इथे आत कोकराच्या मांसाचं दाट सारण असतं आणि वर-खाली मैदा-बटरची पारी.) झाकण सगळे आवडीने खायचे आणि तळ ताटात उरायचा. मला त्याचं फार वाईट वाटायचं, कारण मटणाचा सगळा रस त्या तळातच मुरलेला असतो. म्हणून आठ महिन्यांपूर्वी काचेची डिश बाजूला ठेवून ही इनॅमलची आणली. तेव्हापासून हिच्यात १९ पाय भाजले आहेत.

आधी डिशविषयी. पातळ पोलादी पत्र्यावर काचेची पूड सुमारे ८०० अंश सेल्सिअसला वितळवून बसवली की इनॅमल तयार होतं. त्यामुळे ते दिसायला काचेसारखं असलं, तरी तापतं धातूसारखं. इथेच सगळा फरक पडतो. काचेतून उष्णता सावकाश जाते. जाड काचेची डिश तापेपर्यंत सारणातली वाफ आणि रस खालच्या पारीत शिरलेला असतो, आणि एकदा भिजलेली पारी नंतर कितीही भाजली तरी खुसखुशीत होत नाही. पत्रा लगेच तापतो. पारीला ओल लागायच्या आतच ती धरायला लागते.

तरी पहिले तीन पाय या डिशमध्येही फसलेच. तळ आधीपेक्षा बरा होता, पण मध्यभागी चिकट. चूक डिशची नव्हती, माझीच होती. मी सारण कोमट असतानाच भरत होते. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. कच्च्या पारीत कोमट सारण ओतलं की मैद्यात जपून ठेवलेले बटरचे कण ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतात. खुसखुशीतपणा त्या कणांमुळेच येतो, ते विरले की पीठ नुसतं तेलकट राहतं. चौथ्या वेळी सारण आदल्या दिवशी शिजवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं आणि थंडगार भरलं. त्या दिवशी कापलेला तुकडा सुरीवर उचलला, तर तो वाकला नाही, सरळ राहिला. त्या एका तुकड्याने मला जितका आनंद दिला, तितका वर्षभरात स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या कशाने दिला नसेल.

आदल्या दिवशी सारण करण्याचा आणखी एक फायदा आहे. मी खांद्याचं मांस घेते. मांडीचं दिसायला छान असलं तरी दीड-दोन तासांत कोरडं पडतं. खांद्यात कोलॅजन भरपूर असतं. मंद आचेवर त्याचं हळूहळू जिलेटिन होतं आणि थंड झाल्यावर रस्सा आपोआप थिजतो. भरताना सारण चमच्याने कापून ठेवता येतं, वाहत नाही. शिवाय वर आलेली चरबी पांढरी, घट्ट होऊन थरासारखी निघते. ती काढाच. कोकराची चरबी बटरपेक्षा जास्त तापमानाला वितळते, त्यामुळे पाय जरा निवला की ती टाळूला मेणासारखी चिकटते. पुष्कळांना लॅम्ब आवडत नाही, त्यामागे मला तरी ही चरबीच दिसते.

माझं प्रमाण आता ठरलं आहे. बिनहाडाचं ८०० ग्रॅम मांस, तीनेक सेंटिमीटरचे तुकडे, कागदाने अगदी कोरडे करून. ओले तुकडे परतले जात नाहीत, ते आपल्याच पाण्यात उकडतात आणि तो खरपूस तपकिरी रंग येतच नाही. तीन खेपांत परतायचे, घाईने एकदम टाकायचे नाहीत. त्याच भांड्यात दोन कांदे, दोन गाजरं, लसूण, चमचाभर टोमॅटो पेस्ट, दोन चमचे मैदा, रोझमेरीची एक काडी आणि अर्धा लिटर स्टॉक. झाकून पावणेदोन तास, मग झाकण काढून आटवायचं. तळावरून चमचा ओढला की रेघ क्षणभर तशीच राहिली पाहिजे. याहून पातळ सारण कुठल्याही डिशला पेलणार नाही. शिजलं की पसरट भांड्यात काढून लवकर निववायचं आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचं.

पारीसाठी ३०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम थंड बटर, मीठ आणि बर्फाचं पाणी लागेल तेवढंच. दोन भाग तळाला, एक भाग झाकणाला.

भाजण्याची पद्धत मात्र डिशमुळे बदलली. ओव्हनच्या खालच्या कप्प्यात एक जाड ट्रे ठेवून तो २२० अंशांना चांगला तापवते आणि फ्रीजमधून काढलेला पाय थेट त्यावर ठेवते. काचेच्या डिशबाबत हे करायची हिंमत कधी झाली नसती. गार काच एकदम तापली की तडकू शकते. इनॅमलच्या पत्र्याला ते चालतं. वीस मिनिटांनी १८० वर आणून आणखी चाळीस मिनिटं. झाकणाला मध्ये बोट जाईल एवढं भोक हवंच, नाहीतर वाफ कडेची मुरड उचकटून बाहेर येते. मध्यभागी तापमान ७५ अंशांच्या वर गेलं की सारण नीट तापलं. मग पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा. हे थांबणं घरातल्या सगळ्यांना जड जातं, पण लगेच कापला तर रस्सा ताटभर पसरतो.

काचेच्या डिशमध्ये तळाचा रंग बाहेरून दिसायचा, ती सोय इथे नाही. त्याऐवजी एक खूण सापडली. डिश हलकेच पुढे-मागे हलवायची. पाय आतल्या आत अख्खा सरकला, तर तळ भाजून सुटला आहे. चिकटून राहिला, तर आणखी दहा मिनिटं. आजवर ही खूण चुकलेली नाही.

आता तक्रारी. वेष्टनावर २४ सेंटिमीटर लिहिलं होतं, पण ते काठासकट. आतलं माप २१च भरतं. पाण्याने मोजलं तर जेमतेम ११०० मिलिलिटर. चौघांना पुरतं, पाहुणे आले की कमी पडतं. तो रुंद सपाट काठ मुरड घालायला मात्र फार कामाचा आहे. पारी त्यावर ऐसपैस बसते, आत घसरत नाही.

पाचव्या महिन्यात डिश सिंकमध्ये नळावर आपटली आणि काठाच्या बाहेरच्या बाजूला नखाएवढा टवका उडाला. रात्रभर ओली राहिली, तर सकाळी तिथे गंज. आता धुतल्याबरोबर पुसते. टवका बाहेर आहे म्हणून वापरते आहे. आत, अन्न लागतं तिथे उडाला असता, तर डिश टाकून दिली असती. स्टीलच्या सुरीने कापल्यावर तळाला राखाडी रेघा उमटतात. खायच्या सोड्याची ओली पेस्ट लावून घासलं की बऱ्याचशा जातात. लाकडी उलथनं वापरलं तर उमटतच नाहीत. टोमॅटो असूनही चवीला धातूचा वास लागत नाही, त्यामुळे उरलेला पाय झाकून तसाच फ्रीजमध्ये जातो. मायक्रोवेव्हमध्ये अर्थात चालत नाही.

वर बटाट्याचा थर असलेला शेफर्ड्स पाय दोनदा केला. (लॅम्बचा तो शेफर्ड्स, बीफचा असेल तर कॉटेज.) तिथे तळाला पारीच नसते, त्यामुळे या डिशचा खास उपयोग होत नाही. त्यासाठी काचेची जुनी डिशच खोल आणि बरी.

डिश पुन्हा घ्यायची झाली, तर हीच पण एक सेंटिमीटर जास्त खोल आणि आतून गडद रंगाची बघेन. गडद तळ उष्णता जास्त शोषतो, पांढऱ्याला ती शेवटची दहा मिनिटं लागतात. तोवर हिचंच काम चालू आहे. कच्चा पाय भरून, गुंडाळून एक आत्ताही फ्रीजरमध्ये आहे. तो न वितळवता थेट २०० अंशांना सव्वा तास भाजायचा, झाकण लवकर रंगलं तर वर फॉइल टाकायची.