आठ महिने डकडीबी वापरून: महिनाअखेरचे रिपोर्ट आता कसे निघतात

माझं काम म्हणजे ऑर्डर, परतावे, साठा आणि पेमेंट यांचे रिपोर्ट काढणं, ते वेळेवर पोचवणं, आणि कुणी "हा आकडा कुठून आला?" असं विचारलं की नीट उत्तर देणं. मूळ डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायची भाषा, मी रोज लिहिते. गेले आठ महिने या सगळ्याच्या मधोमध डकडीबी हा विश्लेषणासाठीचा छोटा डेटाबेस आहे, आणि वरच्या तीन कामांपैकी तिसऱ्या कामात त्याने मला सगळ्यात जास्त हात दिला. वेगाबद्दल बरेच जण लिहितात. मीही लिहिणार आहे, पण त्या वेगामुळे आकडे तपासायची माझी पद्धत कशी बदलली, ते मला जास्त सांगायचं आहे.

आधी कसं चालायचं ते सांगते. चालू डेटाबेसवर जड क्वेरी मारायची नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम, आणि तो योग्यच आहे. म्हणून रिपोर्टसाठी रेप्लिका, म्हणजे मुख्य डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी नक्कल. पण रेप्लिकावर लांबलेली क्वेरी अधूनमधून मध्येच रद्द व्हायची, आणि का ते कळायला मला बरेच दिवस लागले. मुख्य सर्व्हरवर व्हॅक्यूमने, म्हणजे पोस्टग्रेसच्या सफाईच्या कामाने, जुन्या, मेलेल्या ओळी साफ केल्या की तीच सफाई रेप्लिकालाही करावी लागते. माझी क्वेरी नेमक्या त्याच ओळी वाचत असेल तर रेप्लिका थोडी थांबते, डीफॉल्ट सेटिंगमध्ये ३० सेकंद, आणि मग क्वेरी तोडते. मुख्य सर्व्हरच्या बरोबरीने राहणं हे रेप्लिकाचं पहिलं कर्तव्य, ती ते बजावत होती. मुदत वाढवता येते, पण मग रेप्लिका मागे पडते आणि दुसऱ्याच कुणाला कालचा आकडा दिसतो.

दुसरा रस्ता एक्स्पोर्टचा होता. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. आमचं ऑर्डरमधल्या वस्तूंचं टेबल एका महिन्यातच त्यापुढे जातं. मग फाइलचे तुकडे, तुकड्यांचे पिव्होट, पिव्होटांची बेरीज. असा रिपोर्ट एकदा निघाला की पुन्हा तपासायला हातच धजत नाहीत.

डकडीबी अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत सुरू झालं. हानेस म्युलआयझेन आणि मार्क रासफेल्ट या दोघांनी ते उभं केलं. पहिली आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि १.० जून २०२४ मध्ये. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा जन्मही याच संस्थेतला. परवाना एमआयटी, म्हणजे मुक्त वापराचा, त्यामुळे ऑफिसात वापरायला अडचण नाही. वेगळा सर्व्हर नाही, पोर्ट नाही, सेवा चालू आहे का बघायची गरज नाही. एसक्यूलाइटसारखं ते तुमच्या प्रोग्रॅमच्या आतच चालतं.

फरक आहे तो साठवणीत. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट डेटा ओळीने ओळ ठेवतात, एका ऑर्डरची सगळी माहिती एकत्र. एक ऑर्डर शोधून तिचा पत्ता बदलायचा असेल तर अशीच रचना हवी. रिपोर्टला मात्र ४० कॉलमांपैकी चारच लागतात आणि ओळी सगळ्या लागतात. डकडीबी कॉलमवार साठवतं, लागतील तेवढेच कॉलम उचलतं, आणि एकेका मूल्याऐवजी २,०४८ मूल्यांचा गठ्ठा घेऊन हिशेब करतं. माझ्या साध्या लॅपटॉपवर वर्षभराच्या ऑर्डरींची महिना आणि विभागवार बेरीज तीन-चार सेकंदांत येते. हीच बेरीज रेप्लिकावर नऊ-दहा मिनिटं घ्यायची, तीही पूर्ण झाली तर.

आता व्यवस्था अशी: रात्री रेप्लिकावरून त्या दिवसाच्या ओळी छोट्या छोट्या क्वेरींनी ओढायच्या आणि महिन्यावार फोल्डरांत पार्केट (कॉलमवार साठवणीच्या) फाइली करून ठेवायच्या. सकाळी डकडीबी त्या फाइली थेट वाचतं, आधी इम्पोर्ट करायची गरजच नाही. तयार झालेले सारांश पुन्हा पोस्टग्रेसच्या वेगळ्या स्कीमात (टेबलांच्या गटात) जातात आणि डॅशबोर्ड तिथूनच वाचतो. डॅशबोर्डचं टूल पूर्वीचंच आहे, त्याला हातही लावला नाही.

तिसऱ्या आठवड्यात जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून ताळा करत होते. एकूण विक्री जुळली, परतावे जुळले, ग्राहकसंख्या जुळली. "प्रति ग्राहक सरासरी ऑर्डर" या ओळीत मात्र जुना रिपोर्ट ३ म्हणत होता आणि नवा ३.७४. माझा पहिला संशय नव्या टूलवर. फिल्टर तपासले, तारखांच्या हद्दी तपासल्या, दुबार ओळी शोधल्या. शेवटी दोन्हीकडे एकच गोष्ट चालवली: सिलेक्ट ७ भागिले २. पोस्टग्रेसने ३ दिले, डकडीबीने ३.५.

पोस्टग्रेसमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच येतं, दशांश गळून जातात. काउंट म्हणजे ओळींची मोजणी, तिचं उत्तर पूर्णांकच असतं, म्हणून काउंटला काउंटने भागणारी प्रत्येक ओळ या खड्ड्यात जाते. डकडीबीत साध्या तिरप्या रेघेने दशांशासह भागाकार होतो, पूर्णांक हवा असेल तर दोन तिरप्या रेघा द्याव्या लागतात. हा नियम मला माहीत होता. क्वेरी माझीच होती, दोन वर्षांपूर्वीची. या काळात सरासरी ३.१ वरून ३.७ वर गेली होती, आणि रिपोर्टमध्ये सतत ३ दिसत होते. ही ओळ कधी हलतच नाही म्हणून लोकांनी तिच्याकडे बघणंही सोडलं होतं. मला त्याचं फार वाईट वाटलं. त्याच दिवशी चूक कळवली आणि २४ महिन्यांचे आकडे नव्याने काढून पाठवले. सगळे मिळून एक क्वेरी, मिनिटभराचंही काम नाही. जुन्या पद्धतीत हेच करायला किती रात्री गेल्या असत्या ते मला चांगलं ठाऊक आहे.

पोस्टग्रेसवरून येणाऱ्यांनी आणखी एक फरक लक्षात ठेवावा. उतरत्या क्रमाने लावलं की पोस्टग्रेस नल, म्हणजे रिकामी मूल्यं, आधी दाखवतं, डकडीबी नल शेवटी टाकतं. "पहिले दहा" अशा प्रत्येक यादीत मी आता नल कुठे हवेत ते स्पष्ट लिहिते, दोन्हीकडे.

ताळा करायची सवय मला तेव्हापासून लागली. पूर्वी एखादा आकडा खटकला तरी "पुन्हा दहा मिनिटं थांबायचं" या विचाराने मी तो तसाच पुढे जाऊ देत असे. आता खटकलं की लगेच विचारते. जॉइनच्या, म्हणजे दोन टेबलं जोडण्याच्या, आधी आणि नंतर ओळी मोजते. एका ऑर्डरचं पेमेंट दोन हप्त्यांत झालं असेल तर जॉइननंतर ती ऑर्डर दोनदा येते आणि रक्कम दुप्पट होते. ही चूक जगातल्या प्रत्येक एसक्यूएलवाल्याने कधी ना कधी केलेली आहे. दोन काउंट शेजारी ठेवले की ती तिथल्या तिथे दिसते.

समराइझ या एका आज्ञेबद्दल वेगळं लिहायलाच हवं. टेबलापुढे किंवा फाइलपुढे तेवढा शब्द लिहिला की प्रत्येक कॉलमची किमान-कमाल मूल्यं, अंदाजे किती वेगळी मूल्यं, सरासरी, चतुर्थकं आणि नलची टक्केवारी समोर येते. नवीन फाइल आली की मी आधी तेच चालवते. एकदा डिलिव्हरीच्या तारखेचं किमान मूल्य १ जानेवारी १९७० दिसलं. युनिक्सचं घड्याळ तिथून सुरू होतं, म्हणजे कुणीतरी रिकाम्या तारखेच्या जागी शून्य भरलं होतं. सरासरी डिलिव्हरी-काळ का बिघडतोय यावर आमची दोन आठवडे चर्चा चालली होती, त्याचं उत्तर त्या एका ओळीत होतं.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम तोडलेल्या साध्या मजकूर-फाइली, वाचण्यात डकडीबी फार हुशार आहे, आणि तिथेच एकदा मी फसले. गोदामाकडून रोज फाइल येते. त्यातले काही वस्तू-कोड शून्याने सुरू होतात. डकडीबी फाइलचा नमुना वाचून, डीफॉल्टने २०,४८० ओळी, कॉलमचा प्रकार ठरवतं. सगळ्या कोडांत अंकच दिसले, म्हणून त्याने पूर्णांक धरला आणि ००४१२ चं ४१२ झालं. साठ्याच्या यादीत ००४१२ शोधला तर सापडेना, आणि ४१२ नावाचा कोड तर आमच्याकडे कधी नव्हताच. तेव्हापासून कोड, फोन, पिन असे जे कॉलम दिसायला अंकांचे पण बेरजेचे नाहीत, त्यांचा प्रकार मी वाचतानाच मजकूर म्हणून सांगते. अनोळखी फाइल असेल तर आधी सगळंच मजकूर म्हणून वाचते आणि मग एकेक कॉलम बदलते. दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

लिहिण्यातल्या सोयी खूप आहेत. ग्रुप बाय ऑल लिहिलं की सिलेक्टमधले कॉलम पुन्हा टाइप करावे लागत नाहीत. स्टारमधून नको ते कॉलम एक्स्क्लूडने वगळता येतात. क्वालिफायमुळे "प्रत्येक ग्राहकाची शेवटची ऑर्डर" काढायला सबक्वेरी (क्वेरीच्या आत क्वेरी) लागत नाही. मात्र यांतलं काहीच आमच्या पोस्टग्रेसमध्ये चालत नाही, आणि बोटांना सवय लागली की तिथे एरर खाव्या लागतात.

आता न आवडलेलं, किंवा खरं तर ज्यासाठी ते बनलेलंच नाही ते. एका फाइलमध्ये एका वेळी एकच प्रोसेस लिहू शकते. मी सकाळी फाइल उघडी ठेवून बसले आणि त्याच वेळी रात्रीचं लांबलेलं काम तिच्यात लिहायला आलं, तर ते लॉकवर अडकून अपयशी झालं. आम्ही सामायिक ड्राइव्हवर एकच डेटाबेस फाइल ठेवून तिघांनी वापरायचा प्रयत्न केला, तो आठवडाभरात सोडून दिला. आता पार्केट फाइली सगळ्यांच्या, डेटाबेस फाइल ज्याची त्याची. अनेकांनी एकाच वेळी लिहायचं असेल तर पोस्टग्रेसच हवं.

परवानग्यांचा मुद्दा मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पोस्टग्रेसमध्ये कुणाला कोणतं टेबल, अगदी कोणता कॉलम दिसावा हे ग्रँट देऊन ठरवता येतं. डकडीबीत यूजर आणि रोल नाहीतच. फाइल ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळा डेटा. म्हणून ग्राहकांचं नाव, फोन आणि पत्ता आम्ही रात्रीच्या एक्स्पोर्टमध्येच गाळतो. पार्केटमध्ये फक्त ग्राहक-क्रमांक जातो. सुरुवातीचे तीन आठवडे आम्ही तसं केलं नव्हतं, आणि लोकांचे फोन नंबर माझ्या लॅपटॉपवर पडून होते. त्या फाइली शोधून पुसल्या, बॅकअपमधूनही काढल्या. तुम्ही सुरुवात करणार असाल तर गाळणीचं काम पहिल्याच दिवशी करा.

मेमरीची तक्रार नाही. डीफॉल्टने ते मशीनची ८० टक्के रॅम घेऊ शकतं, म्हणून लॅपटॉपवर मी मर्यादा घालून ठेवली आहे. त्याहून मोठं काम आलं तर तात्पुरत्या फाइली डिस्कवर टाकून बहुतेक वेळा पूर्ण करतं, फक्त वेळ जास्त लागतो.

मी याला पूर्ण मार्क देते, पण एकट्या विश्लेषकाच्या किंवा लहान टीमच्या रिपोर्टिंगसाठी. डेटा काही लाख ओळींचा असेल आणि पोस्टग्रेसवर क्वेरी आरामात निघत असेल, तर मध्ये आणखी एक टप्पा घालू नका. माझे अजून दोन रिपोर्ट हलवायचे राहिलेत, पेमेंटचा आणि साठ्याचा. दोन्हींत भागाकार आहेत. त्यांच्या जुन्या क्वेरी मी छापून टेबलावर ठेवल्या आहेत आणि प्रत्येक तिरप्या रेघेभोवती पेनाने गोल केला आहे.