एज ऑफ एम्पायर्स 2 डेफिनिटिव्ह एडिशन: काउंटर जिंकतो तो किमतीवर

फौजा उभारून लढायचा हा कॉम्प्युटर गेम मूळ 1999चा, ही आवृत्ती 2019ची. दिवाळीच्या सेलमध्ये घेतली, तेव्हापासून रात्री एखादी मॅच होतेच. बहुतेक एकास एक, अरेबिया मॅपवर. ग्राफिक्स झकास, आवाज झकास, त्यावर जास्त लिहीत नाही. बोलायचंय ते फौजेच्या तोलाबद्दल.

नवख्याला सगळे काउंटरचा, म्हणजे कुणावर कोण भारी याचा, एकच पाढा शिकवतात: घोडेस्वाराला भाला, भाल्याला तिरंदाज, तिरंदाजाला स्कर्मिशर (लांबून भाले फेकणारा). पाढा खरा, पण अर्धा. अपग्रेड न केलेला एक नाईट (जड घोडेस्वार) आणि एक पाइकमन (भालेवाला) समोरासमोर सोडून बघा. पाइकमनच्या एका वारात नाईटचे 24 हेल्थ जातात, म्हणजे 100 संपवायला पाच वार; पण त्याचा वार पडतो तीन सेकंदांनी एकदा. नाईट दर 1.8 सेकंदाला 10 काढतो आणि पाइकमनकडे असतात जेमतेम 55. नाईटच जिंकतो! मग हा काउंटर कसला? तर नाईटला 60 फूड आणि 75 गोल्ड लागतं, पाइकमनला 35 फूड आणि 25 वूड. एकाच्या खर्चात दोन उभे राहतात, सोन्याला हात न लावता. दोघांपुढे मात्र नाईटचा निभाव लागत नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की गेम वेगळा दिसतो. मॅपवरचं सोनं मोजकं आहे. एकास एक मॅच लांबली की खाणी संपतात, मग उरतात भालेवाले, स्कर्मिशर आणि हुसार हे हलके घोडेस्वार, म्हणजे सोनं न लागणारी मंडळी. सोनं राखून ठेवणारा तिथे हसतो. टीम गेममध्ये मात्र व्यापारामुळे सोनं आटत नाही आणि 200 लोकसंख्येची मर्यादा आड येते. तिथे स्वस्ताईला काही अर्थ राहत नाही, एका जागेत किती ताकद बसते ते महत्त्वाचं. म्हणून पॅलाडिन (नाईटचं सर्वात वरचं रूप) आणि हत्ती तिथे शोभतात.

नागपूरच्या महाल भागातला माझा एक मित्र हे ऐकतच नाही. 2022च्या डायनॅस्टीज ऑफ इंडिया या विस्तारातली बंगाली फौज घेतो आणि एकास एकमध्येही हत्ती जमवत बसतो. "काहून बे, हत्ती हत्ती करून राहिला?" म्हटलं तरी फरक नाही. ते डुलत येईपर्यंत माझे हलके घोडेस्वार त्याच्या शेतांवरचे गावकरी कापून मोकळे. 1740च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी बंगालात साधारण हेच केलं होतं, अर्थात तिकडे ती आठवण गोड नाही. त्याच विस्तारातल्या गुर्जरांकडे नाईट नाहीतच, उंट आणि बाण चुकवणारे श्रीवंशा रायडर आहेत. मला सगळ्यात आवडलेली फौज ती.

मँगोनेल या दगडफेक्या यंत्राबद्दल मात्र माझं मत बरं नाही. त्याचा दगड आपल्याच माणसांवरही पडतो, त्यामुळे एक नेम साऱ्या हिशेबावर पाणी फिरवतो. तिरंदाजांचा थवा मोडायला दुसरं स्वस्त हत्यार हवं होतं.

मे महिन्यात खेळणार असाल तर हेडफोन लावा, कुलरच्या आवाजात हल्ल्याची तुतारी ऐकूच येत नाही. आणि जुन्या लॅपटॉपवर एन्हान्स्ड ग्राफिक्सचा पॅक टाकू नका; तो नसला तरी भालेवाला कुठला आणि स्कर्मिशर कुठला ते नीट ओळखू येतं.