‘जीआय’ म्हणून विकलेली साखळी

होडीच्या नांगराची साखळी विकत घेताना माझी जी फसवणूक झाली, ती किनाऱ्यावरच्या आणखी कोणाची होऊ नये, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे. पावसाळ्यातील मासेमारीबंदी 31 जुलैला संपते, आणि त्याआधीच्या दिवसांत होड्यांची डागडुजी व सामानाची खरेदी एकदमच निघते. अशाच गर्दीत तालुक्याच्या गावातील एका दुकानातून मी 8 मिलिमीटरची ‘जीआय’, म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेली, साखळी घेतली. ती हॉट डिप, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली, आहे का, असे मी स्पष्ट विचारले होते आणि दुकानदाराने तितक्याच स्पष्टपणे होकार दिला होता. दर मीटरवर होता. बिलावर मात्र ‘जीआय साखळी, 8 मिमी’ एवढेच लिहिले गेले.

दिवाळीपर्यंत नांगराजवळच्या कड्या लाल गंजाने भरल्या. दुकानदाराचे म्हणणे असे की, खाऱ्या पाण्यात लोखंड गंजणारच. हे वाक्य अर्धे खरे असल्यामुळेच गिऱ्हाईक तेथून गप्प परत फिरते. समुद्रात जस्तही झिजते, हे खरे; पण ते लोखंडाच्या आधी स्वतः झिजते आणि तोवर आतले लोखंड राखते. हे संरक्षण किती काळ मिळेल, ते थराच्या जाडीवर ठरते, आणि नेमकी तीच गोष्ट माझ्यापासून लपवली गेली होती.

सुमारे 450 अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात साखळी बुडवली, की जस्त पोलादाशी एकजीव होते आणि साधारण 50 ते 85 मायक्रॉनचा थर बसतो. विजेच्या साहाय्याने केलेल्या प्लेटिंगमध्ये हाच थर बहुधा 5 ते 12 मायक्रॉनचा असतो. बाजारात दोन्ही प्रकारांना सर्रास ‘जीआय’ म्हटले जाते. हॉट डिप साखळी करडी, किंचित खडबडीत, काही ठिकाणी जस्ताचे थेंब गोठलेली दिसते. प्लेटिंगची साखळी गुळगुळीत, चकचकीत, निळसर किंवा पिवळसर झाक असलेली असते. दुकानात नजर चकचकीत साखळीवरच जाते, आणि विकणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते.

मला अधिक संताप आला तो दुसऱ्या गोष्टीचा. बाजूला पडलेल्या, कधी पाण्यात न गेलेल्या तुकड्याच्या कडीला व्हर्नियर कॅलिपर लावला, तेव्हा सळईची जाडी 7 मिलिमीटर भरली. एका मिलिमीटरचा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण ताकद छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. त्यामुळे 8 ऐवजी 7 मिलिमीटर म्हणजे जवळजवळ 23 टक्के ताकद कमी. वजनातही हे उघड होते: 8 मिलिमीटरची आखूड कड्यांची साखळी मीटरला सुमारे 1.4 किलो भरते, 7 मिलिमीटरची सुमारे 1.1 किलो. वादळी वाऱ्यात होडी आणि आतली माणसे याच साखळीच्या भरवशावर असतात, हे विकणाऱ्याला कळत नव्हते असे मी मानत नाही.

थराचा अंदाज घेण्यासाठी भारतीय मानकांत मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या, द्रावणाची चाचणी दिलेली आहे. सुपारीच्या बागांवर फवारणीसाठी लागणारे मोरचूद कोकणात घरोघरी मिळते. सुटी कडी तेलकटपणा काढून द्रावणात एक मिनिट बुडवावी, धुऊन पुसावी आणि पुन्हा बुडवावी. जस्त असेपर्यंत काळसर, पुसली जाणारी पूड दिसते. लोखंड उघडे पडले, की तांब्याचा चमकदार थर चिकटतो आणि तो पुसला जात नाही. माझ्या कोऱ्या कडीवर तो दुसऱ्याच वेळी चिकटला. घरगुती द्रावण मानकाइतके नेमके नसते, तरी चांगली हॉट डिप कडी इतक्या लवकर उघडी पडत नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर दुकानदाराने पैसे परत केले. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरायला घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘व्यापारी हेतू’ ठरत नाही, त्यामुळे होडीचा मालकही या कायद्याने ग्राहकच आहे. पैसे परत देताना दुकानदाराने मान्य केली ती केवळ जाडीतील तफावत, कारण 8 मिमी हा आकडा बिलावर होता. थराबद्दल बिलात एक शब्दही नसल्याने तो आरोप त्याने शेवटपर्यंत नाकारला. नवी साखळी मी दुसऱ्या दुकानातून, वजन करून आणि बिलावर ‘हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड’ असे लिहून घेऊनच आणली.